दहा मिनिटांचा थांबा, पाचशे जवान: स्टेशनवरच्या कँटीनचा हिशेब कसा मांडायचा?

शाहूपुरीचा_पोरगा

नमस्कार मंडळी. यंदा आमच्या तालमीचा सजीव देखावा आहे नॉर्थ प्लॅटच्या कँटीनवर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं रेल्वेचं गाव. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या बायाबापड्यांनी स्टेशनात थांबणाऱ्या लष्करी गाड्यांतल्या सैनिकांना चार वर्षं फुकट खाऊपिऊ घातलं.

देखाव्याचं आम्ही बघतो. बैठकीत वाद पेटला तो वेगळाच. पोरं म्हणतात, उद्या तशी वेळ आली तर आपण कोल्हापूर स्टेशनवर हे सहज करू. महाप्रसादाला पाच हजारांच्या पंगती उठवतो, पाचशे जवान म्हणजे डाव्या हातचा मळ. वडीलधारे म्हणतात, फुशारकी पुरे, कागदावर मांडा.

तर मांडायचंय. धरून चाला: एक गाडी, ५०० जवान, १० मिनिटांचा थांबा. द्यायचं काय, किती, माणसं किती लागतात आणि कुठं फसतं? "देशसेवा आहे, करा" असली उत्तरं नकोत, ती बैठकीत पोटभर झाली.

रुळावरचा

पहिल्यांदा कोल्हापूर स्टेशन डोक्यातून काढा. आपलं स्टेशन टर्मिनस आहे, रूळ इथं संपतो. १८९१ साली मिरजेहून फाटा आला तेव्हापासून हेच. १९७१ मध्ये मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं, पण शेवट तो शेवटच. पुढं जायला वाटच नाही, मग जवानांची गाडी जाता जाता इथं थांबेल कशाला? पुणे-बेळगाव मार्गावरची गाडी थांबते मिरजेला. कोल्हापुरातून निघणारे जवान म्हणजे रजा अर्धी टाकून परत बोलावलेले, ते नेहमीच्या गाडीनं सुटे सुटे जातात. गाडी सुटायच्या बऱ्याच आधी फलाटाला लागलेली असते, त्यामुळं त्यांच्यासाठी एक टेबल आणि चार माणसं पुष्कळ झाली.

म्हणजे ५०० चं गणित मिरजेचं. स्वयंपाक कोल्हापुरात, वाढप मिरजेत, मध्ये पन्नास किलोमीटरच्या आतलं अंतर. पावसाळ्यात रुकडीच्या पुलाला पंचगंगेचं पाणी लागलं की रेल्वे थांबते आणि सांगली रस्त्याचाही भरवसा नसतो. जून ते सप्टेंबर सुका साठा मिरजेतच ठेवा. जयसिंगपूर जवळ वाटतं, पण ते कृष्णेच्या अलीकडं, महापुरात त्याचा उपयोग शून्य.

आता वेळ. दहा मिनिटांचा थांबा म्हणजे वाढायला दहा मिनिटं नव्हेत. उतरायला दोन गेली, चढायला दोन, राहिली सहा. ५०० भागिले ६, मिनिटाला ८३ माणसं. नुसतं पुडकं हातात द्यायचं असलं तरी एका रांगेतून मिनिटाला १२ ते १५ जण जातात, कप भरून द्यायचा असला तर त्याच्या निम्मे. वर वीस डब्यांची गाडी साडेचारशे मीटरच्या पुढं लांब. टोकाच्या डब्यातला जवान मधल्या टेबलापर्यंत पोचायलाच तीन मिनिटं घेणार आणि तेवढीच परत जायला. त्यानं खायचं कधी?

म्हणून टेबल नको, डब्याला टोळी करा. पंगतीत माणूस पानावर येऊन बसतो, इथं पान माणसाकडं न्यायचं असतं. महाप्रसादाचा अनुभव नेमका या ठिकाणी आडवा येतो.

एका टोळीत चौघं. एक पुडक्यांच्या क्रेटवर, एक चहाच्या किटलीवर, एक पाण्यावर आणि चौथा मोकळ्या हातांनी. चौथा फुकटचा वाटतो आणि लोक त्यालाच आधी काढून टाकतात. पण क्रेट संपला की दुसरा आणणार कोण? चहा सांडला की फरशी पुसणार कोण? आणि गाडी हलली की "मागं व्हा" म्हणून बाकीच्या तिघांच्या दंडाला धरून ओढणार कोण? वाढणाऱ्याला गाडी हललेली कळत नाही, त्याची नजर कपावर असते. वीसपैकी दहा डबे जवानांचे धरले तर दहा टोळ्या, म्हणजे चाळीस माणसं, वर पाच राखीव.

टोळ्या खडूनं आखून उभ्या करू नका. लष्करी गाडीत माणसांच्या डब्यांबरोबर सामानाच्या, वाहनांच्या वाघिणीही असू शकतात आणि जवानांचे डबे कुठं लागणार ते गाडी फलाटात शिरल्यावरच दिसतं. क्रेट हातगाड्यांवर ठेवा. एसी डबे असले तर खिडक्या बंद, सगळा कारभार दारातून. अशा वेळी डब्याची दोन्ही दारं धरायची: एकातून पुडकी आत, दुसऱ्यातून चहा.

फलाटावर शेगडी, सिलिंडर काही नाही. सगळं बाहेर शिजवून आणायचं. परवानगीचा अर्ज स्टेशन मॅनेजरमार्फत पुणे विभागाच्या कार्यालयाकडं, सोबत प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राची प्रत. ४५ नावं दिली आणि ६० माणसं आली तर १५ जण गेटबाहेर राहतील आणि त्यात किटल्या आणणाराच असेल.

चुलीपाशी

रुळावरचे दादा, तुमचं चौथ्या माणसाचं अगदी पटलं. आता पुडक्यात काय, ते मी सांगते.

नियम एकच: एका हातानं, उभ्यानं, ताटाशिवाय खाता आलं पाहिजे आणि उरलं तर रात्री खाता आलं पाहिजे. त्यात तीन गोष्टी बसतात, दाण्याचा लाडू, दशमी आणि बटाट्याची सुकी भाजी. सोबत केळं, ते सालीसकट येतं, धुवायला नको की बांधायला नको.

लाडू ४० ग्रॅमचा, माणशी दोन. १००० लाडू म्हणजे ४० किलो: भाजून सोललेले दाणे २५ किलो, गूळ १५ किलो. भाजताना आणि फोलपटं पाखडताना घट येते, म्हणून कच्चे दाणे २८ किलो घ्या. दाणे मंद आचेवर भाजून पूर्ण गार होऊ द्यायचे. गरम दाणे कुटले की तेल सुटतं, लाडू तुपकट होतो आणि लवकर खवट लागतो. गुळाचा पाक नको, किसून दाण्यांबरोबर कुटायचा. काळपट, बुरशीची शंका असलेला एकही दाणा आत जाता कामा नये, निवडायला चार जादा बायका बसवा. हा लाडू आठवडाभर टिकतो, त्यामुळं गाडी कधी येणार ते ठाऊक नसलं तरी हा तयार ठेवता येतो. सगळ्या बेताचा कणा हाच.

दशमी माणशी तीन, एकूण १५००. एकीला ३० ग्रॅम कणीक, म्हणजे ४५ किलो, पिठीसकट ५० धरा. पाण्याऐवजी दुधात भिजवायची, साधारण २८ लिटर दूध लागतं. महाग वाटलं तर निम्मं दूध, निम्मं पाणी. साधी चपाती सहा तासांनी वातड होते, दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ असते. आपल्या आज्या प्रवासाच्या शिदोरीला दशम्याच का द्यायच्या, त्याचं कारण हेच. एक लाटणारी, एक भाजणारी अशा जोडीकडून तासाला ५५ निघतात. दहा तवे, वीस बायका, पावणेतीन तास. "आम्ही दोन तासांत करू" म्हणणारीला शेवटच्या तासाला कामावर ठेवा, हात किती चालतो ते कळेल.

भाकरी सुचवणारे येतीलच. ज्वारीची भाकरी तव्यावरून ताटात आली तर अमृत. चार तास पुडक्यात राहिली की घडीवर तुटते आणि भाजी खाली सांडते. न्यायचीच तर कडक भाकरी, पण ती उभ्यानं खायला त्रासाची.

भाजी माणशी ८० ग्रॅम, म्हणजे शिजलेली ४० किलो, साली जाणार म्हणून बटाटा ४६ किलो. कांदा नाही, ओलं खोबरं नाही, कोथिंबीरही नाही. हे तिन्ही उकाड्यात पहिल्यांदा आंबतात. मोहरी, हळद, हिरवी मिरची, मीठ, वरून लिंबू. पुडक्यावर भाजी केल्याची वेळ लिहायची आणि "चार तासांत खावी" असं ठळक.

आता सगळ्यात जास्त माल जिथं वाया जातो ते: गरम भाजी गरम दशमीत गुंडाळून लगेच बांधणं. आतल्या वाफेचं पाणी होतं, दशमी ओली, भाजी आंबट, दोन तासांत वास. स्वच्छ सुती पंच्यावर दशम्या पसरून पंख्याखाली अर्धा तास गार करायच्या, भाजी परातीत पसरायची, मगच बांधायचं. वेळ वाचवायला लोक नेमका हा अर्धा तास कापतात.

खवय्या_रंकाळा

कोल्हापूर म्हटल्यावर बटाट्याची भाजी? जवानांना तांबडा-पांढरा नाही तर निदान मिसळ तरी द्या की हो. इज्जतीचा प्रश्न आहे.

चुलीपाशी

भाऊ, तांबडा रस्सा १० मिनिटांत ५०० जणांना द्यायचा म्हणजे ५०० वाट्या, ५०० चमचे, हलत्या गाडीत मांडीवर सांडलेला उकळता कट आणि पुढच्या स्टेशनपर्यंत चिकट फरशी. मिसळीतला फरसाण दोन मिनिटांत लगदा होतो. इज्जत दाखवायची असली तर प्रत्येक पुडक्यात कांदा-लसूण चटणीची चिमूटभर पुडी टाका, दहा ग्रॅमची. पाचशेला पाच किलो. चटणी कोरडीच, तेल घातलं की कागदातून बाहेर येते.

चहाचं राहिलं. माणशी १०० मिली, म्हणजे ५० लिटर. दूध २५ लिटर, पाणी ३० लिटर (पाच लिटर आटतं), चहापूड ९०० ग्रॅम, साखर ४ किलो, आलं ४०० ग्रॅम. आलं आधी पाण्यात खळखळून उकळायचं, मग दूध. कच्चं ठेचलेलं आलं कोमट दुधात पडलं तर दूध फाटतं, आणि २५ लिटर एकदम फाटतं.

गुळाचा चहा करायचा मोह इथं होणारच, गूळ आपल्या मातीतला. पण गुळात आंबटपणा असतो, उकळत्या दुधात टाकला की तोच प्रकार. दोन कपांना सांभाळता येतं, पन्नास लिटरला नाही. गूळ लाडवात गेलाय, चहाला साखरच.

चहा तयार झाल्यावर गाळून वीस लिटरच्या तीन थर्मास पिंपांत भरायचा. पूड आत राहिली की तासाभरात कडू जहर. मिरजेत पोचल्यावर दहा किटल्या, प्रत्येकी पाच लिटर, एका टोळीला एक. पाच लिटरचे पन्नास कप, हिशेब नेमका बसतो. कप १५० मिलीचा घ्या आणि १०० भरा, काठोकाठ भरलेला कप हातात नाही, मनगटावर जातो.

पुरवठा_निवृत्त

वरचं सगळं ठीक. पण पुडकं तयार आहे म्हणून ते जवानाच्या हातात जाईल असं समजू नका. प्रवासात अनोळखी माणसाकडून खायचं घेऊ नये, हे जवानाला शिकवलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. लष्करी गाडीवर एक अधिकारी प्रमुख असतो, त्याला ओसी ट्रेन म्हणतात. त्याची परवानगी मिळाल्याशिवाय एकही क्रेट डब्याकडं न्यायचा नाही. ही परवानगी फलाटावर मागितली तर दहातली चार मिनिटं तिथंच जातील. मोठ्या स्टेशनांवर लष्कराचं वाहतूक नियंत्रण कार्यालय असतं, एमसीओ. तिथून आधी बोलणं झालं पाहिजे.

काही बारकावे. मांस अजिबात नको, झटका-हलालचा प्रश्न आणि टिकण्याचा प्रश्न दोन्ही टळतात. अंडी चालतील, पण उकडलेली, सालीसकट आणि वेगळ्या क्रेटमध्ये, शाकाहारी पुडक्यात मिसळायची नाहीत. प्रत्येक घाण्यातलं थोडं थोडं डब्यात काढून २४ तास फ्रिजमध्ये ठेवा. कुणाचं पोट बिघडलं तर तपासायला नमुना लागतो, आणि तुमची बाजू मांडायलाही.

पाण्याकडं तुम्ही कुणी नीट पाहिलं नाही. माणशी एक लिटर म्हणजे ५०० लिटर, वीस लिटरचे २५ जार. पण जारच्या नळाखाली एक बाटली भरायला अर्धं मिनिट लागतं. दहा टोळ्यांनी सहा मिनिटांत १२० बाटल्या होतील, ५०० नाही. भरलेल्या बाटल्या द्या नाहीतर रुंद नरसाळं आणि दोन लिटरचे जग ठेवा. माझ्या मते चहा रद्द झाला तरी चालेल, पाणी नाही.

आणि तीन गोष्टी बंद: फोटो, "कुठली पलटण?" आणि "कुठं निघालात?" गाडीची वेळ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर त्या दिवशी कँटीन बंद समजायचं.

चुलीपाशी

पाण्याचं मान्य, तो आकडा माझ्याकडून सुटला होता. चहा रद्द मात्र नको. पुडकं तो रात्री खाईल, पाणी त्याला पुढच्या स्टेशनवर मिळेल. फलाटावर उभं राहून कुणाच्या तरी हातचं तिथल्या तिथं घ्यायचं ते फक्त चहाच.

जुनी_कात्रणं

देखाव्याच्या पोरांसाठी आधी सुरुवात दुरुस्त करतो, कारण ती बहुतेक ठिकाणी गोड करून सांगतात. १७ डिसेंबर १९४१ ला नॉर्थ प्लॅटचे लोक स्टेशनवर गेले ते आपल्या पोरांसाठी. नेब्रास्काच्या नॅशनल गार्डची कंपनी डी येणार अशी बातमी होती. गाडी आली ती कॅन्ससच्या कंपनी डीची. क्षणभर सगळे गप्प, मग आणलेला खाऊ त्या परक्या पोरांनाच देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी रे विल्सन या तरुणीनं तिथल्या वर्तमानपत्राला पत्र लिहून कायमच्या कँटीनची कल्पना मांडली आणि २५ डिसेंबरला पहिल्या गाडीला खाणं दिलं गेलं. देखाव्यात चुकीची गाडी येते तो क्षण दाखवा.

कँटीन बंद झालं १ एप्रिल १९४६ ला. सव्वाचार वर्षांत सुमारे ६० लाख सैनिक, म्हणजे दिवसाला सरासरी ३,८०० च्या वर. गावची वस्ती होती जेमतेम बारा हजार. साखर रेशनवर, पेट्रोल रेशनवर आणि तरीही वाढदिवस असलेल्या पोराला केक. सरकारी पैसा नाही. रेल्वे कंपनीनं स्टेशनातली उपाहारगृहाची जागा दिली. हे जमलं ते वारामुळं. आसपासची सव्वाशे गावं जोडून घेतली, काही तर दीडदोनशे मैलांवरची, आणि ज्या गावाचा दिवस त्या गावानं सगळं करायचं. आपल्याकडं गरीब विद्यार्थी वारानं जेवायचे, सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी, तसंच. एका घरावर सातही वार पडले असते तर पंधरा दिवसांत दार बंद झालं असतं. तुमच्या ४५ पोरांचंही तेच होईल. पहिल्या गाडीला साठ येतील, दहाव्या गाडीला अकरा.

गुप्ततेचं वर आलंच आहे. तिथंही गाड्यांच्या वेळा गुप्त असायच्या. रेल्वेकडून निरोप यायचा तो "कॉफीचं भांडं चुलीवर चढलंय" एवढाच. बायका समजायच्या आणि कामाला लागायच्या.

इंग्लंडमध्ये पीटरबरो ईस्ट स्टेशनवर पहिल्या महायुद्धात बायकांनी चालवलेली चहाची खोली होती. तिथल्या १९१६ आणि १९१७ च्या अभिप्राय वह्या अजून आहेत, सैनिकांनी नावं, पलटणी, कविता लिहिलेल्या. देखाव्यात अशी वही ठेवा, छान दिसेल. खऱ्या गाडीपाशी मात्र नको, कारण पुरवठावाल्यांनी सांगितलंय.

वार कसे लावायचे? जिल्ह्यात बारा तालुके. अंतर पाहून काम वाटा. करवीर आणि हातकणंगल्यानं दशमी-भाजी, कारण ती चार तासांत पोचायला हवी. शिरोळ मिरजेला सगळ्यात जवळ, त्यांच्याकडं दूध, चहा आणि केळी. सैनिक टाकळी त्याच तालुक्यात, तिथल्या लोकांना हे कशासाठी ते समजावून सांगावं लागणार नाही. चंदगड, आजरा लांब, तिथून शिजवलेलं मागवू नका. त्यांनी महिन्यातून एकदा काजू पाठवावेत, लाडवात किलोभर गेले तरी चव बदलते. गडहिंग्लज, भुदरगडकडून शेंगा. कागल आणि पन्हाळ्याकडून गूळ. उरलेल्यांना माणसं, आळीपाळीनं. आणि एक वही, एकाच माणसाच्या हातात: कुणाचा वार, काय आलं, किती उरलं. उरलं किती ते लिहिणं लोक टाळतात, लाज वाटते. पण पुढच्या वेळचा आकडा तिथूनच निघतो.

शाहूपुरीचा_पोरगा

सगळ्यांचे आभार. बैठकीत वाचून दाखवलं, "डाव्या हातचा मळ" म्हणणारे दोघं गप्प झाले. ठरलंय असं: देखाव्याच्या आधी एक रंगीत तालीम. मैदानावर साडेचारशे मीटरची दोरी टाकायची, दहा ठिकाणी "डबे", कॉलेजची २५० पोरं जवान म्हणून, १० मिनिटं, घड्याळ लावून. निम्मी माणसं म्हणून पाच टोळ्या आणि निम्मं साहित्य. काही सुटतंय का?

रुळावरचा

दोन गोष्टी. टोळ्या पाच केल्या आणि दोरी तेवढीच ठेवली तर एका टोळीला दोन डबे येतील, मग तालीम खोटी. दोरी निम्मी करा, सव्वादोनशे मीटर.

दुसरं, "डबे" कुठं लागणार ते टोळ्यांना आधी सांगू नका. शिट्टी वाजल्यावर पोरांना हव्या त्या ठिकाणी उभं करा. आणि एकदा तरी दिवे मालवून रात्री करा, लष्करी गाडी तुमच्या सोयीनं दुपारी चारला येणार नाही.

चुलीपाशी

किटल्यांची झाकणं सुतळीनं कडीला बांधा. पळताना पहिल्यांदा झाकण पडतं, ते रुळावर जातं आणि पोरगं ते काढायला वाकतं.